परंड्याची तोफ, बर्मिंगहॅमचं रिव्हॉल्व्हर

१८५४ साली विजापुरात सरकारी अडगळ विकायला काढली गेली. त्या अडगळीत मुलूखमैदान तोफही होती. वजन ५५ टनांच्या आसपास, लांबी साडेचार मीटरच्या जवळ, आणि तोंडाशी हत्तीला जबड्यात धरलेला सिंह. लिलावात सगळ्यांत वरची बोली आली १५० रुपयांची. घेणारा ती वितळवून धातू विकणार, हे उघड होतं. तिथल्या एका अधिकाऱ्याला हा सौदा पटला नाही. त्यानं वर लिहून विक्री थांबवली, म्हणून ती तोफ आज बुरुजावर आहे.

ही तोफ एके काळी आमची होती. १५४९ साली बुऱ्हाण निजामशहासाठी ती अहमदनगरला ओतली गेली. ओतणाऱ्याचं नाव महंमद बिन हसन रूमी, आणि ते तोफेवरच कोरलेलं आहे. पुढे ती आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यात आली. १६३२ साली आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं ती परंड्याहून विजापूरला नेली. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबानं त्याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरून घेतला. कुणी घडवली, कुणासाठी, शेवटी कुणाकडे गेली, हे त्या धातूवर वाचता येतं.

लेख लिहायचा आहे तो हातात मावणाऱ्या हत्यारांवर, म्हणजे पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवर, आणि धाराशिव जिल्ह्यात त्यांचा शौक बाळगणाऱ्या माणसांवर. तरी सुरुवात तोफेपासून केली, कारण या माणसांशी बोलताना तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाले. कुणी घडवलं? कधीचं? आधी कुणाकडं होतं? ज्याला हे प्रश्न पडतात त्याला मी शौकीन म्हणतो. ज्याला फक्त ‘किती लांब मारतंय?’ एवढंच विचारायचं असतं, त्याच्याविषयीही पुढे लिहिलं आहे, पण वेगळ्या सुरात.

असे शौकीन जिल्ह्यात मोजकेच आहेत. त्यांत बागायतदार आहेत, लष्करातून निवृत्त झालेले आहेत, एखादा डॉक्टर आहे, गुत्तेदार आहेत. उघड बोलायला कुणी तयार नसतं आणि त्यांचं बरोबर आहे. घरात हत्यार आहे हे गावभर झालं की चोराला आमंत्रण दिल्यासारखं होतं. म्हणून या लेखात त्यांची नावं, गावं, परवान्याचे तपशील काही देत नाही.

तुळजापूर तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांकडं जुनं वेब्ली अँड स्कॉट आहे. बोअर, म्हणजे नळीचं माप, .३२, बर्मिंगहॅमचं काम. ते त्यांच्या सासऱ्यांचं. सासऱ्यांनी वय झाल्यावर रीतसर अर्ज करून ते जावयाच्या परवान्यावर चढवलं. सुभेदारांनी ते दाखवायला काढलं तेव्हा आधी नातवंडांना बाहेर पाठवलं, दाराला कडी लावली, मग चौरंगावर वर्तमानपत्र अंथरलं. अंगठ्यानं मागचा खटका दाबला. नळी पुढं झुकली, रिव्हॉल्व्हर मधोमध उघडलं आणि चकतीच्या मध्यातून चांदणीच्या आकाराचा तुकडा वर उचलला गेला. काडतुसं झाडली असती तर सहाच्या सहा पुंगळ्या एका झटक्यात बाहेर आल्या असत्या. सहा भोकं रिकामी. ती त्यांनी उजेडाकडं धरून मला दाखवली, पुन्हा स्वतः पाहिली, आणि मगच ते माझ्या हातात दिलं.

“रिकामं हाय म्हणून कुनी सांगितलं तरी आपल्या डोळ्यानं बगायचं. माझ्याकडनं घेताना बी तुमी बगायचं,” ते म्हणाले. “फौजेत पयल्या दिवशी ह्येच शिकिवलं आन् शेवटच्या दिवशीपतुर त्येच केलं.”

नळीतून पाहिलं की आत वळत गेलेल्या खाचा दिसतात. या खाचांमुळं गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ राहते. जुन्या हत्याराची पारख इथंच होते. बाहेरून पॉलिश मारून कुणालाही चकचकीत करता येतं. आत खाचांच्या कडा बोथट झाल्या असतील, गंजाचे खड्डे पडले असतील, तर ते लपत नाही. मग सांगाड्यावरचे शिक्के पाहायचे. कारखान्याचा शिक्का, नळी जादा दाबाचं काडतूस झाडून तपासल्याचा शिक्का, अनुक्रमांक. नळीवरचा, सांगाड्यावरचा आणि परवान्यावरचा क्रमांक जुळतो का ते पाहायचं. सुभेदारांनी हे सगळं भिंगाखाली दाखवलं. त्यानंतर पुलथ्रूच्या दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढली, तेलाचा हलका हात फिरवला आणि सगळं कपाटात गेलं. रिव्हॉल्व्हर एका कप्प्यात, काडतुसं दुसऱ्या, किल्ल्या वेगळ्या. शेवटचा बार कधी काढला होता, असं विचारलं. त्यांना चटकन आठवलं नाही.

आपल्याकडं जिथं तिथं .३२ च का ऐकू येतं, हे एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. सैन्य आणि पोलीस वापरतात ती ९ मिमी पिस्तुलं कायद्यानं निषिद्ध बोअरमध्ये येतात. जिल्हाधिकाऱ्याच्या परवान्यावर ती मिळत नाहीत. सामान्य परवानाधारकाला उरतं ते बहुतेक .३२. त्यातही दोन काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब, पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. दुसरी गोष्ट आयातीची. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी हत्यारांची खुली आयात सरकारनं बंद केली. त्याआधी देशात आलेली वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन, वॉल्थर ही हत्यारं तेवढीच उरली आणि हातोहात फिरत राहिली. परदेशात जी जुनी पिस्तुलं साध्या दुकानात किरकोळ भावात मिळतात, त्यांना इथं लाखांत किंमत मोजावी लागते. मालक वारला, वारसांना नको असलं, की विक्रेत्याकडं जमा झालेलं हत्यार घ्यायला पुण्या-मुंबईपासून माणसं चौकशी करतात.

ज्यांना एवढे पैसे घालायचे नसतात ते कानपूरकडं वळतात. तिथल्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच घडणीवर बेतलेलं आहे. तसंच मधोमध मोडणारं, तशीच सहा काडतुसांची चकती. २०१४ साली कानपूरनं ‘निर्भीक’ आणलं. वजन अर्धा किलो, बायकांसाठी म्हणून जाहिरात, आणि तेव्हा किंमत १,२२,३६० रुपये. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘प्रबल’ आलं. त्याची चकती बाजूला बाहेर निघते, त्यामुळं नळी मोडावी लागत नाही. खुद्द वेब्ली अँड स्कॉटच्या नावानंही आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथं हत्यारं बनतात. शौकीन मंडळी जमली की यावर तास तास वाद घालतात. एक जण म्हणतो, जुन्या वेब्लीचा चाप दाबताना हाताला जे गुळगुळीत लागतं ते कानपूरच्या हत्यारात नाही. दुसरा म्हणतो, सुटा भाग मिळत नाही ते हत्यार काय कामाचं, उद्या स्प्रिंग तुटली तर बर्मिंगहॅमला जाणार का? त्यावर पिस्तूलवाले आणि रिव्हॉल्व्हरवाले आपसांत भांडतात. रिव्हॉल्व्हर अडत नाही, चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतंच. पिस्तूल चपटं, हाताळायला सुटसुटीत, पण मॅगझिनची स्प्रिंग नीट ठेवली नाही तर ऐन वेळी दगा देतं. मी या वादात बसलो आणि मला तो फार आवडला. जुन्या मोटारींवर, तबल्याच्या शाईवर, बैलांच्या खिलारीपणावर बोलणाऱ्यांचं जसं भान हरपतं, तसंच इथं हरपतं.

संग्रह म्हणावा इतकी हत्यारं मात्र आता कुणाकडं नसतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली २०१९ पर्यंत एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची. २०१९ च्या दुरुस्तीनं ती दोनवर आणली आणि तिसरं वर्षाच्या आत जमा करायला सांगितलं. नेमबाजीतल्या नामवंत खेळाडूंना यातून सूट आहे, सामान्य परवानाधारकाला नाही. आजोबांची दुनळी, वडिलांचं रिव्हॉल्व्हर आणि स्वतःचं पिस्तूल अशी तीन पिढ्यांची तीन हत्यारं असणाऱ्यांना त्यातलं एक निवडून बाहेर काढावं लागलं. एका बागायतदारानं वडिलांचं ठेवलं आणि स्वतःचं दिलं. विचारल्यावर ते म्हणाले, “माझं दुकानात परत मिळंल. आण्णांचं कुठून आणू?” कायद्याची बाजू मला पटते. तीन हत्यारांची गरज खरोखर कुणाला नसते. पण जिथं वारशाचं जुनं हत्यार आहे तिथं ते निकामी करून का होईना घरात ठेवण्याची सोपी वाट असायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे. अट एवढीच की ते दुरुस्त करूनही झाडता येता कामा नये. ही तरतूद गावात फारच थोड्यांना माहीत असते.

वारशाचीही एक वाट आहे. परवानाधारक वारला तर वारसाला अर्ज करता येतोच. शिवाय त्यानं सत्तरी गाठली असेल किंवा ते हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं असेल, तर हयातीतच ते मुला-नातवाच्या, सुना-जावयाच्या नावावर करता येतं. नव्या परवान्याला वय २१ पूर्ण हवं. पोलिसांचा अहवाल लागतो, प्रकृती आणि मनःस्थिती ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं, घरात कुठं कुलूपबंद ठेवणार ते लिहून द्यावं लागतं. निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. खरे शौकीन या कटकटीबद्दल फारशी तक्रार करत नाहीत. त्यांच्याकडं प्रत्येक पावतीची झेरॉक्स फाइलला लावलेली असते.

या मुलखाचा हत्यारांशी संबंध किल्ल्यांइतकाच जुना आहे. नळदुर्गच्या उपळी बुरुजावर आजही तोफा आहेत. लोक त्यांना हत्ती तोफ आणि मगर तोफ म्हणतात. १८५३ ते १८६० या काळात नळदुर्ग इंग्रजांकडं होता. तिथं कारभार पाहायला आलेला मेडोज टेलर हा ठगांवरच्या कादंबरीमुळं जगभर प्रसिद्ध झालेला लेखक, आणि तुळजापूरच्या परिसरावरही त्यानं ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली. मग सगळ्यांना माहीत असलेला १९४८ चा सप्टेंबर, इथल्या निजामाच्या राजवटीचा शेवट. त्या वर्षी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या विमानांनी निजामासाठी शस्त्रं आणत होता. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या हातात बंदुका होत्या. सरहद्दीपलीकडच्या सोलापूर-बार्शीच्या बाजूला स्वातंत्र्यसैनिकांची शिबिरं होती. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरलं ते नळदुर्गवरून. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला. एक तुकडी तुळजापूरकडं गेली आणि तिथंही रझाकारांशी चकमक झाली. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. ज्यांनी तो काळ बघितला त्या पिढीला हत्याराचा शौक ही गोष्टच कळली नसती. त्यांच्या लेखी बंदूक म्हणजे रात्री दारावर पडणारी थाप. आजच्या शौकिनांनी आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसांची ती भीती विसरू नये, असं मला फार वाटतं.

तुळजापुरात नवरात्रात देवीची भवानी तलवार अलंकार महापूजा मांडतात. देवी शिवाजी महाराजांना तलवार देते, असा तो देखावा असतो. ते पाहायला अख्खा मराठवाडा लोटतो. घरोघरी खंडेनवमीला विळा, कोयता, कुऱ्हाड, खुरपं पाटावर मांडतात, झेंडूची फुलं वाहतात. ज्याच्या घरी परवान्याचं हत्यार आहे तो तेही त्या रांगेत ठेवतो. इथं सुभेदारांकडून एक गोष्ट शिकलो. ते हळद-कुंकू हत्याराला लावत नाहीत, लाल कापडाला लावतात. ओलं कुंकू निळसर पोलादावर राहिलं की आठवड्यात तिथं डाग धरतो आणि मग तो जात नाही. घामेजलेल्या बोटाचा ठसासुद्धा धरतो. पूजा झाली की कोरड्या फडक्यानं पुसून, तेल लावून हत्यार त्याच संध्याकाळी कपाटात जातं. दसऱ्याच्या सोन्याला ते बाहेर निघत नाही.

बाहेर काढणारेही आहेत, आणि त्यांच्यामुळं सगळ्या शौकाला काळिमा लागला आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतर एकट्या त्या जिल्ह्यात हजाराहून जास्त शस्त्रपरवाने असल्याचं महाराष्ट्राला समजलं. कमरेला रिव्हॉल्व्हर लावलेले फोटो, हवेत गोळीबाराचे व्हिडिओ घराघरांत पाहिले गेले. परवान्यांची फेरतपासणी झाली, अनेक परवाने रद्द झाले. हे लोण आपल्या जिल्ह्यात नाही असं मी म्हणणार नाही. वरातीत, वाढदिवसाला, निवडणुकीच्या गुलालात हवेत बार काढणारी माणसं सगळीकडं असतात. हवेत गेलेली गोळी खाली येते, एवढंही ज्याला सुचत नाही त्याच्या हातात काडतूस असू नये. २०१९ च्या दुरुस्तीनं अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. माझ्या मते पहिल्याच गुन्ह्यात परवाना कायमचा जावा.

गावठी कट्ट्याचा तर शौकाशी काडीचा संबंध नाही. मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीसारख्या गावांतून तो महाराष्ट्रात येतो. कसल्यातरी पाइपाची नळी, आत खाचा नाहीत, दाबाची तपासणी नाही, क्रमांक नाही. झाडणाऱ्याच्याच हातात फुटू शकतो. कोवळी पोरं ‘भाई’ व्हायला तो विकत घेतात आणि आयुष्यभर कोर्टाच्या तारखा करत बसतात. त्यांच्या आईवडिलांकडं बघवत नाही.

या पोरांना पिस्तुलाचं आकर्षण असतं हे मात्र खरं, आणि ते सुटायला चांगली वाट आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१३ साली कोरियात चांगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिनं त्याच प्रकारात सुवर्ण घेतलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला. १० मीटर एअर पिस्तूल तर शाळकरी मुलांनाही शिकता येतं. ४.५ मिमीचा छर्रा, ठरावीक ताकदीच्या आतल्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. पिस्तूल एका हातानं धरायचं, दुसरा हात मोकळा. चापाला किमान ५०० ग्रॅमचा दाब हवा. पुरुष असो वा महिला, ७५ मिनिटांत ६० गोळ्या. दहा गुणांचं वर्तुळ अवघं ११.५ मिमीचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. दहा मीटरवरून ते गाठायचं तर श्वास रोखून, पुढचं शिंग आणि मागची खाच एका रेषेत धरून, चाप इतक्या हळू ओढावा लागतो की बार कधी झाला ते स्वतःलाही कळू नये. रोज दोन तास हे करणाऱ्या मुलाला कमरेला हत्यार लटकवून हिंडावंसं वाटेल, हे मला खरं वाटत नाही.

पुण्यात बालेवाडीला चांगली रेंज आहे, कोल्हापुरानं तर नेमबाजांची परंपराच उभी केली. पॅरिसला २०२४ मध्ये रायफलमध्ये कांस्य आणणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला मात्र खेळ वाढवायचा तर गाव सोडावं लागतं. एअर पिस्तूलच्या रेंजला मोठी जागा लागत नाही. एक लांब खोली, पलीकडं भक्कम भिंत, प्रकाश आणि शिस्तीचा प्रशिक्षक असला की सुरुवात होते. एखाद्या माजी सैनिकानं, एखाद्या शिक्षणसंस्थेनं मनावर घेतलं तर तालुक्याच्या ठिकाणी हे होऊ शकतं. जिल्ह्यात माजी सैनिकांची वाण नाही.

संग्रहाची परंपराही आपल्याकडं मोठी आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, ओढ्याकाठी, पांढरीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. मणी, मृण्मूर्ती, नाणी, दिवे, हस्तिदंती बाहुली. लोकांच्या दृष्टीनं त्या खापऱ्या होत्या. पुढे तो संग्रह सरकारकडं गेला आणि आज तेरचं संग्रहालय त्यांच्या नावानं उभं आहे. पुण्यात कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर केळकरांनी हेच केलं. त्यांच्या संग्रहालयात दिव्यांच्या आणि अडकित्त्यांच्या बरोबर शस्त्रंही आहेत. हत्याराचा खरा संग्राहक यांच्याच जातीचा. नळदुर्ग-परंडा असे दोन किल्ले ज्या जिल्ह्यात आहेत, तिथं तोड्याच्या बंदुकीपासून वेब्लीपर्यंत हत्यारांचं एक दालन असायला हवं. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर त्याचं सामान पडून आहे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांची ठासणीची बंदूक, जुनं पिस्तूल, दारूची शिंगं किंवा नुसती गंजलेली नळी असेल तर ती भंगारवाल्याला देऊ नका आणि लपवूनही ठेवू नका. आत जुना बार भरलेला असू शकतो, म्हणून चाप किंवा घोड्याला हात लावू नका, घासूनपुसू नका. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्रपरवाना शाखेकडं लेखी अर्ज द्या, ४५ व्या कलमाचा उल्लेख करा. शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती पुरावस्तू ठरते, तिला देशाबाहेर नेता येत नाही. मग तेरच्या संग्रहालयाला दाखवा. आणि ते हत्यार कुणाचं होतं, घरात कसं आलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून आजच लिहून घ्या.